‘नंतर आठवण करा’ची किंमत : कार्यालयातील संगणक आपोआप अद्ययावत कसे ठेवावेत?

आपल्यापैकी अनेकजण आज एखाद्या संस्थेत, अभ्यासिकेत, पतसंस्थेत, सेवा केंद्रात किंवा खासगी कंपनीत संगणकासमोर बसून काम करतात. कामाच्या ऐन गडबडीत पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवते. अपडेट तयार आहे, आता रीस्टार्ट करायचे की नंतर आठवण करायची, असे ती विचारते. आपला हात सवयीने ‘नंतर’वर जातो. मीही अनेक वर्षे तेच करत होते. त्याची किंमत आमच्या कार्यालयाला एका सोमवारी सकाळी कळली.

मी ज्या सामाजिक संस्थेत काम करते, तिचे कार्यालय तालुक्याच्या गावी आहे. तेव्हा आमच्याकडे अकरा संगणक होते. काही विकत घेतलेले, काही एका कंपनीने जुने झाले म्हणून दिलेले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. हिशेब पाहणाऱ्या ताईंनी संगणक सुरू केला, तर एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली होती आणि पडद्यावर पैसे मागणारा इंग्रजी मजकूर होता. सामायिक फोल्डरमधून ही लागण आणखी चार संगणकांपर्यंत पोचली होती. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम त्याच संगणकाला जोडलेली असायची, त्यामुळे तीही गेली. घरभेटींच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, घरातल्या मारहाणीबद्दल महिलांनी विश्वासाने सांगितलेली माहिती, सगळे कुलूपबंद झाले. कागदावर जे होते तेवढे वाचले. पुढचे दोन महिने आम्ही तेच पुन्हा टाइप करत बसलो. काही मुलांचे अर्ज मुदतीत जाऊ शकले नाहीत.

नंतर तपासणी केली तेव्हा कळले, की त्या संगणकावर जवळपास दोन वर्षे एकही अपडेट झाले नव्हते. आमच्याकडे संगणकांचे काम पाहणाऱ्या मुलाने ते बंद करून ठेवले होते. त्याला दोष देणार तेवढ्यात मला आमचेच बोलणे आठवले. “ताई, अपडेट बंद करून ठेवू का? डोंगलचं नेट सगळं तेच खातंय,” असे त्याने विचारले होते. “कर बाबा, काम अडायला नको,” असे मीच म्हटले होते.

म्हणून हा लेख लिहीत आहे. मी संगणक अभियंता नाही. पण त्या प्रसंगानंतर आम्ही हा विषय समजून घेतला, चुका केल्या, त्या दुरुस्त केल्या. जे समजले ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अपडेट म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअर माणसेच लिहितात आणि त्यात लाखो ओळी असतात. त्यामुळे चुका राहतात. बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात, पण काही चुका अशा असतात की त्यातून बाहेरचा माणूस आपल्या संगणकात शिरू शकतो. अशी चूक लक्षात आली की कंपनी ठिगळ तयार करते. त्यालाच पॅच म्हणतात.

अपडेट साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला सुरक्षेचा, म्हणजे भगदाड बुजवणारा. दुसरा बिघाड दुरुस्त करणारा. तिसरा नवीन सोयी देणारा. तिसऱ्यासाठी थांबले तर बिघडत नाही. पहिल्यासाठी थांबणे धोक्याचे असते. आपण मात्र तिन्हींना एकाच मापाने मोजतो आणि तिन्ही पुढे ढकलतो.

मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपली सुरक्षा अपडेट एकत्र प्रसिद्ध करते. या दिवसाला ‘पॅच ट्यूसडे’ असे नावच पडले आहे. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र असते, म्हणजे आपल्यासाठी ती बुधवारची सकाळ. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पॅच प्रसिद्ध झाला की भगदाड कुठे होते हेही जगजाहीर होते. हल्लेखोर जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून फरक शोधतात आणि ज्यांनी पॅच लावलेला नाही त्यांच्यावर नेम धरतात. म्हणजे पॅच आल्यानंतर न लावलेला संगणक आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतो. ‘इतके दिवस काही झाले नाही, मग आताच काय होणार?’ या आपल्या लाडक्या युक्तिवादातला दोष नेमका हाच आहे.

दोन महिन्यांची उसंत, तरीही हाहाकार

याचे सर्वात मोठे उदाहरण २०१७ सालचे आहे. विंडोजमध्ये फाईली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीत एक गंभीर भगदाड सापडले होते. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी दिला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचे रॅन्समवेअर जगभर पसरले. मध्ये जवळपास दोन महिने होते. तरीही सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले.

सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर चौकशी केली. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्य ट्रस्टना झळ बसली होती आणि रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे आला. तेव्हा अनेकांना वाटले, की कालबाह्य झालेल्या विंडोज एक्सपीमुळे हे घडले. प्रत्यक्षात लागण झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. विंडोज ७ ला तेव्हा पॅच मिळत होते, पण ते लावले गेले नव्हते.

यावरून प्रश्न उभा राहतो. एवढ्या मोठ्या यंत्रणेला आधीपासून सूचना होती, माणसे होती, पॅच फुकट होता. मग तो लागला का नाही?

हातावरचे गणित

उत्तर साध्या गणितात आहे. आमच्या अकरा संगणकांचेच पाहू. प्रत्येकावर विंडोजखेरीज ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचण्याचे सॉफ्टवेअर, मराठी टायपिंग, हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, व्हिडिओ बैठकीचे ॲप असे धरून बारा सॉफ्टवेअर होती. अकरा गुणिले बारा म्हणजे १३२. एकेकाला दहा मिनिटे धरली तरी बावीस तास होतात. महिन्यातून एकदा हे करायचे म्हटले तर जवळपास तीन दिवस एका माणसाने फक्त या खुर्चीवरून त्या खुर्चीवर पेनड्राइव्ह घेऊन फिरायचे. शंभर संगणकांच्या कंपनीत हेच काम एका माणसाला महिनाभरातही उरकणार नाही.

शिवाय हाताने केलेले काम प्रत्येक वेळी सारखे होत नाही. एखादा कर्मचारी रजेवर असतो, त्याचा संगणक बंद असतो. एखादीकडे पाहुणे बसलेले असतात. मग ‘पुढच्या वेळी’ असे होते आणि तो एकच संगणक मागे राहतो. हल्लेखोराला एकच दार उघडे लागते.

म्हणून जिथे दहापेक्षा जास्त संगणक आहेत, तिथे सॉफ्टवेअर टाकणे आणि अद्ययावत ठेवणे हे काम माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. ते यंत्राकडे सोपवावे लागते. यालाच स्वयंचलन म्हणायचे.

स्वयंचलन चालते कसे?

हे ऐकायला अवघड वाटते, पण त्याचे टप्पे समजून घेतले तर त्यात गूढ काही नाही.

पहिला टप्पा यादीचा. आपल्याकडे कोणते संगणक आहेत, त्यावर काय काय आहे आणि कोणती आवृत्ती आहे, याची नोंद हवी. हे किरकोळ वाटेल. पण अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे २०१७ मध्ये काय झाले ते पाहा. मार्चमध्ये एका सॉफ्टवेअरचे भगदाड जाहीर झाले. कंपनीत पॅच लावण्याची सूचना ई-मेलने फिरवली गेली. पण ते सॉफ्टवेअर नेमके कुठल्या संगणकांवर आहे याची नीट नोंद नव्हती. शोध घेणाऱ्या तपासणीतही ते सापडले नाही. मे महिन्यात हल्लेखोर तिथूनच आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. यादी नसेल तर आदेश हवेत विरतो.

दुसरा टप्पा मूक इन्स्टॉलेशनचा. आपण सॉफ्टवेअर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करतो. बहुतेक सॉफ्टवेअरला ही उत्तरे आधीच सांगून ठेवता येतात. मग ते कोणाला काही न विचारता पाठीमागे बसून जाते. याला सायलेंट इन्स्टॉलेशन म्हणतात. माणसाला खुर्चीवर बसावे लागत नाही, हा स्वयंचलनाचा पाया.

तिसरा टप्पा पॅकेज मॅनेजरचा. लिनक्स वापरणाऱ्यांकडे ही सोय १९९० च्या दशकापासून आहे. सगळी सॉफ्टवेअर एका विश्वासू भांडारात असतात. एक आज्ञा दिली की पॅकेज मॅनेजर जुनी कोणती ते शोधतो, नवी उतरवतो आणि बसवतो. उबंटूमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप लागतात. विंडोजवर हे बराच काळ नव्हते. आता मायक्रोसॉफ्टचा ‘विंगेट’ आहे, तो विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये मिळतो. एका ओळीच्या आज्ञेत तो संगणकावरची बरीचशी सॉफ्टवेअर अद्ययावत करतो. आणखी एक सोय म्हणजे एका संगणकावरील सॉफ्टवेअरची यादी फाईलमध्ये काढता येते आणि ती फाईल नव्या संगणकाला दिली की त्यातले जे भांडारात आहे ते तिथे बसते. आमच्याकडे नवा संगणक तयार करायला पूर्वी अख्खा दिवस जायचा. आता आज्ञा देऊन चहा प्यायला जाता येते.

चौथा टप्पा मध्यवर्ती नियंत्रणाचा. संगणकांची संख्या वाढली की प्रत्येकाजवळ जाऊन आज्ञा देणेही शक्य नसते. मग एका ठिकाणाहून सर्वांना आज्ञा जाते. विंडोजच्या कार्यालयांत ‘ग्रुप पॉलिसी’ने नियम ठरवले जातात. ‘डब्ल्यूसस’ हा सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडून अपडेट एकदाच उतरवून आतल्या सर्व संगणकांना वाटतो. मात्र त्यात आता नव्या सोयींची भर घालणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि कंपनीचा ओढा ‘इन्ट्यून’सारख्या क्लाउडवरच्या सेवेकडे आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये ‘ॲन्सिबल’ लोकप्रिय आहे. ते खुले सॉफ्टवेअर आहे आणि शिकायला पैसे पडत नाहीत.

इथे एक सुंदर कल्पना समजून घेण्यासारखी आहे. अशा साधनांना आपण ‘हे कर, मग ते कर’ असे सांगत नाही. ‘संगणक असा असायला हवा’ एवढे सांगतो. या आवृत्तीचा ब्राउझर असावा, ही सेवा बंद असावी, एवढेच. साधन तपासते. तसे असेल तर हात लावत नाही, नसेल तर करून टाकते. त्यामुळे तीच आज्ञा दहा वेळा दिली तरी नुकसान होत नाही आणि रजेवर गेलेल्या माणसाचा संगणक सुरू झाला की त्याचीही पाळी आपोआप येते.

पाचवा टप्पा पडताळणीचा. आज्ञा दिली म्हणजे काम झाले असे नाही. डिस्क भरलेली असते, नेट तुटते, कोणी मध्येच बटण बंद करते. म्हणून शेवटी अहवाल हवा : किती संगणकांवर लागले, किती राहिले, का राहिले. जे राहिले त्यांच्याकडे माणसाने जायचे. यंत्राने नव्वद टक्के काम केले तर उरलेल्या दहाकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा होतो.

पण आपोआपचेही भय असते

आता दुसरी बाजू. ‘सगळे आपोआप सोडून द्या’ असे म्हणून हा लेख संपवला तर ती अर्धवट माहिती होईल.

१९ जुलै २०२४ आठवा. त्या सकाळी जगभरातील विमानतळ, बँका, रुग्णालये यांचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. हा हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटचा तो परिणाम होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ते गेले आणि १०.५७ ला मागे घेतले गेले. अवघ्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. ते दुरुस्त करायला मात्र असंख्य ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष संगणकाजवळ जाऊन सेफ मोडमध्ये एक फाईल हाताने काढावी लागली. ज्या हार्ड डिस्क कूटबद्ध होत्या, तिथे आधी रिकव्हरी की शोधणे आले. ज्यांनी ती जपून ठेवली होती ते लवकर सुटले.

अनेक कंपन्यांनी खबरदारी म्हणून या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मागची ठेवली होती. पण ही विशिष्ट फाईल त्या नियमातून वगळलेली होती आणि ती सर्वांना एकदमच गेली. त्यानंतर कंपनीने अशा फाईलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याची आणि ग्राहकांना त्यावर नियंत्रण देण्याची व्यवस्था केली. धडा स्पष्ट आहे. स्वयंचलन चांगल्या कामाचा वेग वाढवते आणि चुकीचाही तेवढाच वाढवते.

दुसरे उदाहरण आपल्या उरणच्या बंदराशी जोडलेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक हल्ला सुरू झाला. तिथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो लपवून पाठवला गेला होता. युक्रेनमध्ये व्यवसाय करणाऱ्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो जगभर गेला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले, की ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले आणि ते दहा दिवसांत झाले. एकदा आत शिरल्यावर हा विषाणू चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर पॅच लावलेल्या संगणकांतही घुसत होता. म्हणजे अपडेट आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. रोजच्या कामाचे खाते प्रशासकाचे नसावे आणि बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, हे त्याच्या जोडीला लागतेच.

मग घाई करायची की थांबायचे?

जाणकार यावर एक व्यवहारी तोडगा सांगतात : टप्प्यांनी वाटप. गावजेवणाच्या स्वयंपाकात पहिला घास आचारीच चाखतो, तसेच हे आहे. आधी एक-दोन कमी जोखमीचे संगणक. एक-दोन दिवस प्रिंट निघते का, टॅली उघडते का, मराठी टायपिंग चालते का, ते पाहायचे. मग निम्मे संगणक. मग उरलेले. हिशेबाचा किंवा सर्व्हरचा संगणक सर्वात शेवटी, पण त्यालाही आठवड्याच्या आत. हल्ला सुरू झाल्याची बातमी असेल तर मात्र हा अवधी तासांवर आणायचा.

चाचणी का हवी, हे २०२१ मध्ये अनेक कार्यालयांनी अनुभवले. विंडोजच्या छपाई यंत्रणेत गंभीर भगदाड सापडले आणि ते बुजवणाऱ्या अपडेटनंतर कितीतरी ठिकाणी नेटवर्कवरचे प्रिंटर अडले. पॅच चुकीचा नव्हता, पण त्याने ड्रायव्हर टाकण्याचा नियम कडक केला होता. ज्यांनी आधी एका संगणकावर पाहिले त्यांना तयारीला वेळ मिळाला. ज्यांनी वैतागून अपडेट काढून टाकले, त्यांनी दार पुन्हा उघडे ठेवले.

लहान कार्यालयाने काय करावे?

आपल्या अभ्यासिका, संस्था, लहान व्यवसाय यांच्याकडे सर्व्हर नसतो, स्वतंत्र कर्मचारी नसतो. तरीही पुढील गोष्टी जवळजवळ फुकटात करता येतात.

१. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये सर्व संगणकांची यादी करा. क्रमांक, विंडोजची आवृत्ती, सॉफ्टवेअर, वापरणारी व्यक्ती. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक लाल शाईने नोंदवा. ज्यांचे यंत्र विंडोज ११ पेलत नाही, त्यांच्यापुढे वाढीव मुदतीचे अपडेट घेणे किंवा लिनक्सकडे वळणे हे मार्ग आहेत. केवळ वाचन आणि ऑनलाइन अर्ज चालणाऱ्या अभ्यासिकेला लिनक्स सहज पुरते.

२. विंडोजचे स्वयंचलित अपडेट सुरू ठेवा, पण कामाचे तास त्यात नोंदवा, म्हणजे मध्येच रीस्टार्ट होणार नाही. प्रो आवृत्तीत मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठे बदल ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. चाचणीच्या संगणकाला शून्य दिवस आणि इतरांना पाच-सात दिवस ठेवले की टप्पे आपोआप तयार होतात.

३. नेटचा प्रश्न खरा आहे, तो नाकारू नका. विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय आहे. एका संगणकाने उतरवलेले अपडेट त्याच जाळ्यातील दुसरे संगणक त्याच्याकडून घेऊ शकतात. अकरा वेळा तोच डेटा उतरत नाही.

४. इतर सॉफ्टवेअरसाठी विंगेट शिका आणि टास्क शेड्युलरने त्याला आठवड्याचा एक वार ठरवून द्या. दुपारच्या जेवणाची वेळ बरी, कारण रात्री आपले संगणक बंद असतात. ब्राउझर स्वतःच अद्ययावत होतात, पण ते बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही. आठवडाभर पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

५. जे सॉफ्टवेअर वापरत नाही ते काढून टाका. न ठेवलेल्या सॉफ्टवेअरला अपडेट लागत नाही.

६. अपडेटच्या आधी बॅकअप, आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात. आमचे सर्वात मोठे नुकसान इथेच झाले.

७. महिन्यातून एक दिवस, पॅच ट्यूसडेनंतरचा शुक्रवार, अहवालाचा ठेवा. अर्ध्या तासात यादी तपासा आणि मागे राहिलेला संगणक शोधा.

‘क्रॅक’चा कडू विषय

एका गोष्टीवर आपण उघड बोलत नाही. कितीतरी कार्यालयांत विंडोज आणि ऑफिस परवान्याशिवाय, ‘क्रॅक’ करून टाकलेले असते. पैसे नसतात, हे मला माहीत आहे. पण क्रॅक चालू राहावा म्हणून बऱ्याचदा अपडेट बंद केले जाते आणि अँटिव्हायरसला गप्प केले जाते. कुणी अनोळखी माणसाने बनवलेले साधन आपण प्रशासकाच्या अधिकाराने चालवतो. म्हणजे घराच्या चाव्या आधी चोराकडे देऊन मग कुलूप लावण्यासारखे आहे. लिब्रेऑफिस, लिनक्स यांसारखी खुली सॉफ्टवेअर कायदेशीर आणि मोफत आहेत. सवय बदलायला महिना लागतो, पण तो महिना स्वस्त पडतो.

आणि हा केवळ आपल्या सोयीचा प्रश्न नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी खबरदारी घेण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. एखादी बाई आपल्या घरातले दुखणे आपल्याला सांगते, एखादा बाप मुलाचे दाखले आपल्या हवाली करतो, तेव्हा ती माहिती जपणे हा आपल्या कामाचाच भाग असतो. संगणक अद्ययावत ठेवणे हे कपाटाला कुलूप लावण्याइतकेच साधे कर्तव्य आहे.

मग आपल्या मुलांच्या कामाचे काय?

शेवटचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आपल्या वस्त्यांमधील कितीतरी मुले हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून कार्यालयोकार्यालयी ‘फॉर्मॅट मारणे’, सॉफ्टवेअर टाकणे या कामावर घर चालवतात. स्वयंचलन आले तर हे काम घटणार, हे खरे आहे. समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते, की यंत्र आले की काम नाहीसे होते त्याहून अधिक वेळा त्याचे स्वरूप बदलते. पण त्या बदलाचा फायदा नवे कौशल्य शिकायला ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्यालाच आधी मिळतो. बाकीचे जुन्या कामाला चिकटून राहतात आणि एक दिवस बाहेर पडतात.

म्हणून आपल्या तरुणांना सांगावेसे वाटते, की फक्त खुर्चीवर बसून ‘नेक्स्ट’ दाबण्यावर थांबू नका. पॉवरशेल, लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, ॲन्सिबल, ग्रुप पॉलिसी या गोष्टी घरच्या संगणकावर, आभासी यंत्रे तयार करून फुकट शिकता येतात. जुने दोन संगणक आणि एक चांगला मित्र एवढी प्रयोगशाळा पुरते. आणि संस्था चालवणाऱ्यांनीही आपली सवय बदलावी. बिघाड झाल्यावरच बोलवायचे आणि फेरीचे पैसे द्यायचे, या पद्धतीत त्या मुलाला बिघाड व्हावा असेच वाटणार. महिन्याचे ठरावीक मानधन द्या आणि बिघाड न होण्याची जबाबदारी द्या.

आम्ही तेच केले. ज्या मुलाला मी अपडेट बंद करायला सांगितले होते, तोच आज आमचे संगणक सांभाळतो. त्याने विंगेटची यादी तयार केली, चाचणीसाठी माझाच संगणक निवडला आणि दर महिन्याला एका कागदावर अहवाल आणून देतो. आता तो आणखी चार कार्यालयांचे काम ठरावीक मासिक रकमेवर करतो. परवा माझ्या पडद्यावर पुन्हा ती चौकट आली. सवयीने हात ‘नंतर’कडे गेला, तेवढ्यात तो मागून म्हणाला, “ताई, नंतर नको.” मी फाईल सेव्ह केली आणि रीस्टार्ट दाबले.

हा लेख वाचून झाल्यावर आपणही आधी एवढे करा : आपल्या कार्यालयातील किंवा अभ्यासिकेतील प्रत्येक संगणकावर शेवटचे अपडेट कोणत्या तारखेला झाले, ते पाहून लिहून काढा. पुढचा रस्ता त्या तारखाच दाखवतील.